घरातल्या जुन्या वस्तू ऑनलाइन लिलावात विकायच्या आहेत, कोल्हापुरातून सुरुवात कशी करावी?

उचगावची_ताई (शनिवार, सकाळी १०:१२)

नमस्कार मंडळी. मंगळवार पेठेतलं जुनं घर रिकामं करायचं आहे. निघालेल्या वस्तू अशा: पितळी समई १, तांब्याचा बंब, पितळी घंगाळ, चांदीचे जुने रुपये २३, ग्रामोफोनच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या साधारण ४०, प्रभातच्या चित्रपटांच्या पुस्तिका ६, सागवानी कपाट, ८ वर्षं वापरलेला फ्रीज, दोन बंद पडलेले मोबाइल आणि भिंतीवरचं सांबरशिंग. यातलं लिलावात काय घालावं, कुठे घालावं, बोली किती रुपयांपासून सुरू करावी? लिलावाचा अनुभव शून्य आहे, तेव्हा अगदी पहिल्या पायरीपासून सांगा.

मोडीचा_भाव (शनिवार, सकाळी १०:४०)

ताई, सगळ्यात आधी ते सांबरशिंग यादीतून काढा. फोटोसुद्धा कुठे टाकू नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे त्याची विक्री गुन्हा आहे. घरात मालकी प्रमाणपत्र सापडलं तरी विकता येत नाही. प्रमाणपत्र ठेवण्यापुरतं असतं, विकण्यासाठी नसतं. कोल्हापुरात शिकारीच्या जमान्यातली शिंगं, कातडी, वाघनखं बऱ्याच जुन्या घरांत निघतात आणि लोक भाबडेपणाने ती विक्रीच्या ग्रुपवर टाकतात. वनविभागाच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन विचारा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. घरात तलवार किंवा दांडपट्टा निघाला तर तोही ऑनलाइन टाकायचा नाही, आधी पोलीस ठाण्यात विचारायचं. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं शस्त्र कायद्याच्या यादीत येतात.

आता उरलेल्याची विभागणी. लिलाव प्रत्येक वस्तूला लागत नाही. एकाच वस्तूमागे किमान दोन माणसं हट्टाने लागणार असतील तरच लिलावात भाव चढतो. फ्रीज घ्यायला येणारा माणूस ठरलेला भाव विचारतो, पाच दिवस बोलीची वाट बघत बसत नाही. तो दुसरा फ्रीज घेऊन मोकळा होतो. म्हणून फ्रीज, कपाट आणि (चालू झाले तर) मोबाइल ठरावीक भावाने इथल्या इथे विका. बंब आणि घंगाळ वजनदार आहेत, पार्सलचा खर्च वस्तूच्या अंगावर येतो, तेही स्थानिकच. लिलावाला योग्य तुमच्याकडे चारच गोष्टी: समई, नाणी, तबकड्या, पुस्तिका. लहान आहेत, पाठवता येतात, आणि त्यांचा नक्की भाव दुकानदारही सांगू शकत नाही. जिथे भाव ठाऊक नसतो तिथेच लिलाव कामाला येतो.

रविवारची_बोली (शनिवार, सकाळी ११:०५)

कुठे विकायचं त्याबद्दल. ईबेची भारतातली साइट २०१८ च्या ऑगस्टमध्ये बंद झाली. जुने लेख वाचून लोक अजून तीच शोधतात. ओएलएक्स आणि फेसबुक मार्केटप्लेस हे लिलाव नव्हेत, तिथे घासाघीस चालते. घरगुती वस्तूंसाठी आज खरी बोली लागते ती दोन ठिकाणी: छंदी लोकांचे फेसबुक-व्हॉट्सअॅप-टेलिग्राम ग्रुप (नाणी, टपाल तिकिटं, तबकड्या, फाउंटन पेन, जुनी भांडी), आणि नाण्या-तिकिटांची परवानाधारक लिलावगृहं, जी ऑनलाइनही बोली घेतात.

ग्रुपमध्ये शिरल्या शिरल्या वस्तू टाकू नका. दोन आठवडे नुसतं बघा. कोणती वस्तू कितीला सुरू झाली, कितीला सुटली, कोण नेहमी बोली लावतो, कोण बोली लावून गायब होतो, हे वहीत लिहून ठेवा. मागणीचे आकडे बघून भाव ठरवू नका. '५०,००० ला विकणे आहे' असं लिहिलेली वस्तू वर्षभर तिथेच पडून असते. सुटलेला भाव तोच खरा.

बहुतेक ग्रुपचा नियम सारखाच असतो: पोस्टमध्ये मूळ बोली (जिथून बोली सुरू होते तो आकडा), वाढीचा टप्पा (पुढची बोली किमान कितीने वाढवायची), संपायची तारीख आणि मिनिटासह वेळ, पार्सलचा खर्च कुणाचा, पैसे किती तासांत, परत घेणार की नाही. यातलं एक जरी राहिलं तर नंतरचं भांडण ठरलेलं. ही एक ओळही लिहा: 'शेवटच्या ५ मिनिटांत बोली आली तर लिलाव पुढे ५ मिनिटं चालेल.' ही ओळ नसली की टपून बसलेला माणूस ९ वाजून २९ मिनिटं ५८ सेकंदांनी १०० रुपये वाढवून वस्तू नेतो आणि आणखी ६०० रुपये द्यायला तयार असलेला मागे राहतो.

उचगावची_ताई (शनिवार, दुपारी १२:२०)

सांबरशिंगाचं लक्षात आलं, त्याचा फोटो टाकणारच होते. धन्यवाद. समईची मूळ बोली कशी काढायची? चिंचेने घासून लखलखीत करून फोटो काढू का?

मोडीचा_भाव (शनिवार, दुपारी १:१५)

घासू नका! चिंच, लिंबू, पितळेची पावडर, काहीच नको. जुन्या पितळेवर जो काळपट तपकिरी थर येतो त्यासाठीच संग्राहक पैसे मोजतो. तो घासून काढलात की समई कालच दुकानातून आणल्यासारखी दिसते आणि भावही दुकानातल्या नव्या समईचाच येतो. तेलाचा चिकटा असेल तर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब, मऊ फडकं, मग लगेच कोरडं पुसायचं. तेवढंच.

लोहचुंबक लावून बघा. पितळ चिकटत नाही. बैठक चिकटली तर आत लोखंड आहे, वरून मुलामा आहे, आणि तसं लिहावं लागेल. काही समयांच्या बैठकीत वजनासाठी सिमेंट किंवा लाख भरलेली असते. खालून उलटी करून बघा, नखाने टोकरा. भरलेली असेल तर 'एकूण वजन, बैठक आतून भरलेली' असं लिहायचं.

मूळ बोलीचं गणित असं. वजन ३.४ किलो धरू. पितळेच्या मोडीचा त्या दिवसाचा भाव दोन भांडेवाल्यांना विचारा, समजा ४५० रुपये किलो निघाला. ३.४ × ४५० = १,५३०. त्यात खोका, टेप, कागद यांचे १२० मिळवा, १,६५०. मूळ बोली १,७००. याखाली गेलात तर मोडीत घातलेली बरी, निदान पार्सलचा ताप नाही. वाढीचा टप्पा १०० ठेवा. १० रुपयांच्या टप्प्याने लोक कंटाळतात, ५०० च्या टप्प्याने दुसराच माणूस गळतो.

रविवारची_बोली (शनिवार, दुपारी १:५०)

इथे थोडा मतभेद नोंदवतो. समईला मोडीचा आधार आहे म्हणून १,७०० ठीक. पण पुस्तिका आणि तबकड्यांना मोड नसते. तिथे मूळ बोली ताणून धरली की पहिला माणूसच येत नाही, आणि पहिला आला नाही की दुसरा येत नाही. ज्या ग्रुपवर रोज बोली चालते तिथे कमी किमतीने सुरू केलेली वस्तू जास्त चढते, कारण बोली लावलेला माणूस वस्तू आपलीच मानायला लागतो.

मोडीचा_भाव (शनिवार, दुपारी २:१०)

रोज बोली चालते तिथे, हे महत्त्वाचं. २,००० सभासदांपैकी बोलणारे सहाच असतील तर ५० रुपयांपासून सुरू केलेली वस्तू ८० ला जाते आणि शब्द दिला म्हणून द्यावी लागते. नवख्याने असं करावं: ग्रुपवर तसल्याच शेवटच्या पाच वस्तू सुटलेला भाव काढा, त्यांतला सर्वांत कमी घ्या, त्याच्या ६० ते ७० टक्के मूळ बोली. ज्या आकड्याला वस्तू गेली तर रात्री झोप लागणार नाही, तो आकडा मूळ बोलीत कधीच ठेवू नका.

रविवारची_बोली (शनिवार, दुपारी २:२५)

हे मान्य.

ज्या साइटवर आपोआप बोली वाढते तिथलं गणितही सांगून ठेवतो, नाहीतर विकणाऱ्याला वाटतं आपली फसवणूक झाली. तीन जणांनी आपापली कमाल मर्यादा गुपचूप भरली: १,९००, २,२०० आणि २,६००. टप्पा १००. वस्तू २,६०० वाल्याला मिळते, पण किंमत २,३०० लागते, म्हणजे दुसऱ्याच्या मर्यादेपेक्षा एक टप्पा वर. २,६०० मागायचा हक्क विकणाऱ्याला नाही.

आणि हे मनापासून सांगतो: मेव्हण्याला, मित्राला खोटी बोली लावायला सांगू नका. तो खोटेपणा आहे, बोलीच्या वेळांवरून छंदी लोकांना तो बरोबर कळतो, आणि एकदा नाव गेलं की त्या ग्रुपवरच नव्हे, शेजारच्या चार ग्रुपवर दार बंद होतं. भाव पडेल अशी भीती असेल तर 'राखीव किंमत आहे' (म्हणजे तिच्याखाली विकणार नाही) असं उघड लिहा.

भिंग_दहापट (शनिवार, संध्याकाळी ५:३०)

नाण्यांबद्दल लिहितो, कारण सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

धुवायची नाहीत, घासायची नाहीत, कडेने धरायची. २३ रुपये टेबलावर सनावळीप्रमाणे मांडा. ब्रिटिश अमदानीतल्या चांदीच्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम. १९३९ पर्यंतच्या रुपयात चांदी ९१.७ टक्के, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम. १९४० ते १९४५ च्या रुपयात निम्मीच, ५.८३ ग्रॅम. १९४७ चा रुपया निकेलचा, तो लोहचुंबकाला चिकटतो. तो खोटा नाही, त्यात चांदीच नाही. त्या दिवसाच्या चांदीच्या भावाने हे आकडे गुणा, तो प्रत्येक नाण्याचा किमान भाव. गुजरीत (आपल्या सराफ बाजारात) सगळी एकगठ्ठा वजनावर देऊन टाकण्याआधी सनावळ बघणं आवश्यक आहे, कारण काही सालांचा भाव चांदीच्या कितीतरी वर असतो. १९३९ चा रुपया दुर्मीळ आहे. १९११ चा पंचम जॉर्जचा रुपयाही संग्राहक शोधतात: राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, बोंब झाली आणि पुढच्या वर्षी हत्तीची सोंड नीट कोरली गेली. या दोन्ही सालांची बनावट नाणीही फिरतात, तेव्हा ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन करा. वापरून झिजलेलं नाणं ११.५ च्या आसपास येईल, पण १०.८ आलं तर शंका घ्या. जुने सिक्के दागिन्यात वापरलेले असतात. कडेला झाळकामाची खूण किंवा बुजवलेलं भोक दिसलं तर ते ठळक लिहा, भाव जवळपास चांदीवर येतो.

साल, राजा, टांकसाळीची खूण (मुंबईचा ठिपका किंवा हिरकणी, लाहोरचं 'एल' अक्षर, कलकत्त्याला बहुधा खूण नाही), वजन, दोन्ही बाजूंचा आणि कडेचा फोटो. चांगली नाणी एकेक, उरलेली पाच-पाचच्या गटात.

१०० वर्षं पूर्ण झालेलं नाणं कायद्याने पुरावस्तू ठरतं. पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ प्रमाणे ते देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशी माणूस कितीही भाव देऊ दे, 'फक्त भारतात पाठवू' हे पोस्टमध्येच लिहा.

लिलावगृहाकडे द्यायची असतील तर आधी लेखी विचारा: कमिशन किती टक्के, राखीव किंमत ठेवता येईल का, न सुटल्यास परत पाठवायचा खर्च कुणाचा, लिलावानंतर किती दिवसांत पैसे, वाटेत गहाळ झालं तर विमा कुणाचा. प्रत्येक नाण्याच्या फोटोसह पावती मिळाल्याशिवाय हातातून सोडू नका.

पिन_देऊ_नका (शनिवार, रात्री ८:०५)

भिंगदादांच्या पोस्टला जोडून. '५ रुपयांचं अमुक नाणं, ट्रॅक्टरची नोट, लाखो रुपये मिळवा' अशा जाहिराती सगळ्या खोट्या. फोन करणारा 'रिझर्व्ह बँकेची मंजुरी फी', 'जीएसटी', 'कमिशन' असं म्हणून आधी १,५०० मागतो, मग ६,०००, मग आणखी. रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या ऑगस्टमध्ये जाहीर सांगितलं आहे की नाण्या-नोटांच्या अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि कुणालाही असे पैसे गोळा करायचा अधिकार दिलेला नाही. साधी कसोटी: विकणाऱ्याने पैसे घ्यायचे असतात, द्यायचे नसतात.

आता यूपीआय. पैसे येण्यासाठी पिन लागत नाही आणि क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून जाणार. ठरलेला साचा असा असतो: समोरचा लष्करात असल्याचं सांगतो, ओळखपत्राचा फोटो पाठवतो, भाव न घासता 'हो' म्हणतो, वस्तू न बघता 'आत्ता पैसे टाकतो' म्हणतो. मग क्यूआर येतो. दुसरा साचा: 'चुकून २,००० ऐवजी २०,००० गेले, १८,००० परत करा', आणि सोबत बँकेसारखा दिसणारा मेसेज. मेसेजवर विश्वास ठेवू नका, स्क्रीनशॉटवर तर नाहीच. बँकेच्या अॅपमध्ये शिल्लक वाढलेली स्वतः बघा. तिसरा: 'कुरिअरचा फॉर्म' म्हणून एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये अॅप बसवणारी फाइल. ती उघडायचीच नाही.

चुकून फसगत झाली तर लगेच १९३० वर फोन. उशीर होईल तसे पैसे पुढच्या खात्यांत पांगतात.

स्थानिक व्यवहार घरात बोलावून करू नका. दसरा चौक, बिंदू चौक, मध्यवर्ती बसस्थानक अशी दिवसाढवळ्या गर्दी असलेली जागा ठरवा, सोबत एक माणूस न्या. कपाट, फ्रीजसाठी घरी बोलवावंच लागतं, तेव्हा घरात दोघं-तिघं असताना.

उचगावची_ताई (शनिवार, रात्री ९:३०)

भरपूर कळलं. फोटो आणि मजकूर कसा लिहावा, कुणी नमुना देईल का?

भिंग_दहापट (रविवार, सकाळी ८:५०)

फोटो: सकाळी ९ ते ११, उन्हाची तिरीप थेट येत नाही अशा खिडकीजवळ. फ्लॅश बंद, कारण पितळेवर पांढरा डाग पडतो आणि वस्तू झाकली जाते. खाली एकरंगी चादर, फुलाफुलांची नको. ८ ते १२ फोटो: पूर्ण वस्तू चारी बाजूंनी, खालचा तळ, कोरलेलं नाव किंवा शिक्का, शेजारी मोजपट्टी, आणि प्रत्येक दोष जवळून. दोषाचा फोटो लपवलात की वस्तू परत येते आणि जायचा-यायचा पार्सलखर्च दोन्ही तुमच्यावर पडतो. जुन्या पितळी भांड्यांवर नाव, गाव आणि साल कोरलेलं असतं, ते सापडलं तर त्याचा वेगळा फोटो. फोनच्या कॅमेऱ्यात ठिकाणाची नोंद बंद करा, नाहीतर फोटोसोबत घराचं ठिकाण बाहेर जाऊ शकतं.

समईचा मजकूर असा लिहा:

'पितळी समई, एक नग (जोडी नाही). उंची ६२ सेंमी, बैठकीचा व्यास २२ सेंमी, वजन ३.४ किलो. पाच वातींची. तीन भागांत उघडते, आटे नीट बसतात. टोकावर मोर, चोचीचं टोक झिजलेलं. बैठकीला मागच्या बाजूला १ सेंमीचा पोचा, फोटो ७ पाहा. कुठेही झाळलेली नाही. घासलेली नाही. मूळ बोली १,७००, टप्पा १००. लिलाव रविवार, रात्री ९:३०. शेवटच्या ५ मिनिटांत बोली आल्यास ५ मिनिटं वाढ. पार्सलखर्च घेणाऱ्याचा, वजनाप्रमाणे. पैसे २४ तासांत. वर्णनाशी जुळत नसेल तर ४८ तासांत कळवल्यास परत घेऊ; पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ आवश्यक.'

'अप्रतिम', 'अँटिक', 'राजघराण्यातली' असले शब्द टाकू नका. पुरावा नसेल तर वय लिहू नका. खरंच १०० वर्षांची निघाली तर पुरावस्तूचा कायदा तिलाही लागतो, म्हणून उगाच वाढवून लिहिण्यात दुहेरी तोटा. शीर्षकात मराठी नावासोबत इंग्रजी नावही टाका, बाहेरचे लोक तसंच शोधतात.

सुतळी_टेप (रविवार, सकाळी १०:२०)

समई उघडूनच पाठवा. कुरिअरवाले खऱ्या वजनाबरोबर आकाराचं वजनही बघतात: लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले बहुधा ५,०००. जे जास्त त्याचे पैसे. उभी, जोडलेली समई ७२ × ३२ × ३२ च्या खोक्यात गेली तर १४.७ किलो धरतात. तीच तीन भागांत ४० × ३२ × २० च्या खोक्यात गेली तर ५.१ किलो. वस्तू तीच, खर्च जवळपास तिप्पट. पार्सलखर्च सांगण्याआधी खोका भरून मोजा, अंदाजाने आकडा देऊ नका.

खोका पाच पदरी पुठ्ठ्याचा. तीन पदरी फक्त पुस्तिका, कापड असल्या हलक्या वस्तूंना. चारी बाजूंनी ५ सेंमी भरण, बंद करून हलवला तर आत आवाज यायला नको. आवाज आला म्हणजे वाटेत तो भाग दुसऱ्या भागावर आपटणार. प्रत्येक भाग आधी कागदात, मग फुग्यांच्या प्लॅस्टिकमध्ये. टेप ४८ मिमीचा, मधल्या फटीवर आणि दोन्ही कडांवर. घाऊक दुकानांतून रिकामे खोके मिळतात, पण गुळाचा किंवा मसाल्याचा खोका नको: गुळाला मुंग्या येतात आणि मसाल्याचा वास कागदाला बसतो तो जात नाही. जून ते सप्टेंबर आतली वस्तू आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा. आपल्याकडचा पाऊस पुठ्ठा पार मऊ करतो.

तबकड्यांना वेगळी पद्धत. त्या लाखेच्या, पडल्या की फुटल्या. खोक्यात बहुतेक वेळा कडाच जातात. प्रत्येक तबकडी कागदी पाकिटात, मग २८ × २८ सेंमीचे पुठ्ठ्याचे दोन तुकडे वर-खाली, एकाच्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या, चारी बाजूंनी टेप. १० इंची तबकडी साधारण २५ सेंमी, म्हणजे प्रत्येक कडेला दीड सेंमी मोकळी राहते. एका खोक्यात १० पेक्षा जास्त नको. खोक्यात उभ्या ठेवा, एकावर एक आडव्या नाहीत.

आणि साफ करताना स्पिरिट, सॅनिटायझर लावू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, खाचाच जातात. कोरडा मऊ ब्रश पुरे. आजच्या एलपीच्या सुईवर लावून बघू नका, ७८ ची खाच रुंद असते, तिला वेगळी सुई लागते. वाजवून बघता येत नसेल तर 'वाजवून बघितलेली नाही' लिहा. लेबलवरचा क्रमांक, गाणारा, दोन्ही बाजूंची नावं, तडा आहे का (बल्बसमोर धरून बघा) एवढं द्या. ४० एकदम टाकू नका. गायन, नाट्यसंगीत, चित्रपट असे गट करा, शास्त्रीय गायनाच्या एकेक.

भिंग_दहापट (रविवार, सकाळी ११:००)

पुस्तिकांचं राहिलं. प्रभात कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. म्हणून पुस्तिकेवर कंपनीचा पत्ता शोधा. कोल्हापूरचा असेल तर तो फोटो पहिला लावा, इथल्या लोकांना त्याचं मोल वेगळं आहे. चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला की पुस्तिकाही पुन्हा छापत, त्यामुळे चित्रपटाचं साल आणि पुस्तिकेचं साल एकच असं गृहीत धरू नका. पानं मोजा, पिनांचा गंज आणि पेनाने लिहिलेली नावं लिहा. फाटलं असेल तर चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन अजिबात नको, तसं केलं की संग्राहकाच्या लेखी ती वस्तू संपली. पुठ्ठ्यांमध्ये सपाट पाठवा, सुरळी करू नका.

मोडीचा_भाव (रविवार, दुपारी १२:१५)

उरलेल्या वस्तू पटकन. फ्रीज चालू स्थितीत व्हिडिओ काढा, आतल्या लेबलवरचे लिटर आणि स्टार दिसू द्या. टेंपो, हमाल घेणाऱ्याचा. कपाट सुटं होतं का आणि जिन्यातून उतरतं का, दोन्ही मोजून लिहा. पेठेतल्या जिन्यांत सौदा ठरल्यावर कपाट अडकतं. बंबात पाणी भरून तासभर ठेवा, तोटीला आणि आतल्या नळकांड्याच्या सांध्याला पाझर आहे का बघा. आतली जाळी आणि झाकण असेल तर बंब पुरा, नसेल तर भाव मोडीच्या जवळ.

शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, दुधाळी भागातल्या घरातली वस्तू असेल तर २०१९ किंवा २०२१ चं पुराचं पाणी लागलं होतं का हे सरळ लिहा. लाकडाच्या पायांवर पाण्याची रेघ राहते, घेणारा ती बघतोच.

मोबाइलचं: दुरुस्त करून चालू होत असतील तरच विका. आधी गूगल खातं सेटिंगमधून काढा, मग रीसेट. उलट केलं तर नव्या माणसाकडे फोन जुनं खातं मागत अडकतो. आयफोनमध्ये हरवलेला फोन शोधायची 'फाइंड माय' सोय बंद करा. *#०६# वर येणारा आयएमईआय (फोनचा ओळख) क्रमांक फोटोत दाखवू नका. सुटी बॅटरी पार्सलमध्ये घालू नका. चालूच होत नसतील तर आतला डेटा पुसता येत नाही, तेव्हा विकूच नका.

उचगावची_ताई (रविवार, दुपारी ४:४०)

दोन शेवटचे प्रश्न. बोली जिंकणाऱ्याने पैसेच दिले नाहीत तर? आणि या पैशांवर कर लागतो का?

रविवारची_बोली (रविवार, संध्याकाळी ६:००)

२४ तास वाट, एक आठवण, आणखी १२ तास, मग ग्रुपच्या अॅडमिनला कळवून दुसऱ्याला विचारा. पण भाव नीट काढा. वरच्याच उदाहरणात २,६०० वाला पळाला. २,२०० वाल्याला २,२०० मागणं बरोबर नाही, कारण त्याला तिथवर चढवलं ते पळालेल्या माणसाने. त्याची बोली पुसून टाकली तर सामना १,९०० आणि २,२०० चा उरतो, म्हणजे न्याय्य भाव २,०००. हे गणित पोस्टखाली उघड मांडलंत तर तो हमखास घेतो आणि पुढच्या लिलावालाही येतो. नाही म्हणाला तर दोन आठवड्यांनी नवीन फोटोंसह पुन्हा टाका, दुसऱ्या दिवशी नको.

लिलाव ५ ते ७ दिवसांचा, शेवट रविवारी रात्री ९ ते १० मध्ये, शक्यतो महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, पगार झालेले असतात. गणेश विसर्जनाची रात्र टाळा.

मोडीचा_भाव (रविवार, संध्याकाळी ६:३०)

कराचं: घरात वापरलेली भांडी, फर्निचर, फ्रीज अशा जंगम वस्तू विकून आलेल्या पैशांवर भांडवली नफ्याचा कर नाही. पण दागिने, चित्रं, शिल्पं, कलाकृती आणि पुराणवस्तूंचे संग्रह या सवलतीत येत नाहीत. चांदीच्या २३ नाण्यांचा सौदा मोठा झाला तर सीएला दाखवा. वस्तू विकत आणून विकायला लागलात की तो धंदा, त्याचे नियम वेगळे.

कुणाच्या घरात जुना कोल्हापुरी साज (सोन्याच्या मण्यांचा हार) निघाला तर तो ऑनलाइन लिलावात घालू नका. मण्यांच्या आत लाख असते, एकूण वजन आणि निव्वळ सोनं यांत फरक पडतो, फोटोवरून तो वाद मिटत नाही. गुजरीत दोन ठिकाणी समोर बसून तपासून घ्या.

सुतळी_टेप (रविवार, रात्री ८:१०)

ताई, पॅकिंग करताना सलग व्हिडिओ काढा, मध्ये न थांबवता: वस्तू, दोष, गुंडाळणं, खोका बंद, वर पत्ता, काट्यावर वजन. टपालाच्या किंवा कुरिअरच्या पावतीवरचं वजन त्याच्याशी जुळलं पाहिजे. पत्ता खोक्यावर आणि आत एका चिठ्ठीवरही, कारण पावसात वरचा कागद सुटतो. आणि समईचे आटे वाटेत जाम होतात; प्रत्येक आट्यावर कागदाची एक घडी गुंडाळून मगच फुग्यांचं प्लॅस्टिक लावा.

उचगावची_ताई (रविवार, रात्री ९:१५)

पहिली समईच टाकते. भांडेवाल्यांकडे मोडीचा भाव उद्या सकाळी विचारते, फोटो ९ नंतर काढते. मजकूर इथे आधी दाखवू का, की थेट ग्रुपवर?

भिंग_दहापट (रविवार, रात्री ९:२५)

आधी इथे दाखवा. बैठकीचा तळ आणि मोराची चोच, हे दोन फोटो जवळून हवेत.